शालेय ग्रंथपालाने ग्रंथालयाच्या तासिकेत नेमके काय शिकवावे?

प्रश्न (अर्धवेळ ग्रंथपाल, माध्यमिक शाळा, सांगली जिल्हा)

नमस्कार. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक ग्रंथालयाची तासिका आहे. मुलांना गोष्टीची पुस्तके वाटावीत, तास संपताना ती मोजून परत घ्यावीत आणि कोणी शिक्षक रजेवर असतील तर त्यांच्या वर्गावर जाऊन बसावे, एवढीच आजवर माझ्याकडून अपेक्षा होती. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत मी वर्गीकरण, तालिकीकरण (पुस्तकांची तालिका करणे), दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची नोंद) हे सारे शिकले. मुलांना शिकवावे कसे, हे मात्र त्यात नव्हते.

गेल्या आठवड्यात आठवीतील एका मुलीने प्रकल्पासाठी जलप्रदूषणावरचे पुस्तक मागितले. मी ते काढून देताच तिने पहिल्या पानापासून वहीत उतरवायला सुरुवात केली. ‘अनुक्रमणिका पाहिलीस का?’ असे मी विचारले, तर ‘ती कुठे असते, मॅडम?’ असा तिचा प्रश्न आला. ही तासिका खऱ्या अर्थाने शिकवण्याची व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, सातारा)

ताई, ज्या क्षणी आपण पुस्तक काढून हातात दिलेत, त्याच क्षणी शिकवण्याची संधी निसटली, असे मला वाटते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र आपल्या अंगवळणी पडलेले असते. परंतु शाळेत पुस्तक शोधण्यात गेलेला वेळ हाच मुलांचा अभ्यास असतो. रंगनाथन स्वतः १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होण्यापूर्वी गणित शिकवत असत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझा एक पाठ सांगतो. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तर आपल्याच जिल्ह्यातली आहे, तेव्हा तो आपल्याकडे अधिकच शोभेल. श्रावण लागण्याआधी मी सातवीच्या वर्गात फळ्यावर एकच प्रश्न लिहीत असे : ‘नाग दूध पितो का?’ उत्तर तोंडी द्यायचे नाही, पुस्तकात शोधायचे आणि पुस्तकाचे नाव व पृष्ठक्रमांक लिहायचा. मुले गोष्टींच्या कपाटाकडे धावत, मग प्राण्यांच्या. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीत पक्षी ५९८ मध्ये येतात आणि साप ५९७ मध्ये, माशांच्या शेजारी. ‘साप माशांजवळ का ठेवलेत, सर?’ हा प्रश्न हमखास येई आणि वर्गीकरण म्हणजे काय, ते तेथेच सांगून होई. पुढची अडचण पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीची असे. ‘नाग’ हा शब्द सूचीत सापडला नाही की मूल पुस्तक मिटून ठेवी. तेव्हा ‘साप’, ‘सर्प’, ‘सरपटणारे प्राणी’ असे शब्द बदलून पाहायला शिकवावे लागे, आणि मोबाइलवर शोधतानाही हीच सवय उपयोगी पडते. शेवटी एखाद्या गोष्टीच्या पुस्तकात नाग दूध पिताना सापडे, तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात दूध हे सापाचे अन्नच नाही, असे आढळे. यांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा आणि का, यावर उरलेला तास जाई. तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तर २ (विज्ञान शिक्षिका, पुणे)

वरील पाठ उत्तम आहे, परंतु ग्रंथपालांनी तो एकट्याने घेऊ नये. आमच्या शाळेत प्रकल्पाचे विषय मी ठरवत असे आणि ग्रंथपालांना ते मुलांकडून कळत. मग एका पुस्तकामागे चाळीस मुले लागत. आता विषय देण्यापूर्वी आम्ही दोघी बसून कोणती पुस्तके आहेत ते पाहतो. वीसपैकी पाच गुण संदर्भ लिहिण्यासाठी आणि मजकूर स्वतःच्या शब्दांत मांडण्यासाठी ठेवतो, आणि ते गुण ग्रंथपाल देतात. गुण त्यांच्या हाती आल्यापासून मुले त्यांना ‘पुस्तकवाल्या मॅडम’ म्हणेनाशी झाली आहेत.

उत्तर ३ (ग्रंथपाल, नाशिक)

या चर्चेत एक गोष्ट स्पष्टपणे मांडावीशी वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय हवे. तेथे ग्रंथपाल हवा, असे मात्र ती अनुसूची सांगत नाही. आपल्या राज्यात शालेय ग्रंथपालाची गणना शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत होते, म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणाची पत्रे निघतात तेव्हा आपले नाव त्यात नसते. दुसरीकडे इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्को यांच्या १९९९ च्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यात ग्रंथपाल आणि शिक्षक एकत्र काम करतात तेव्हा मुलांचे वाचन व आकलन उंचावते, असे म्हटले आहे. मुख्याध्यापकांकडे विषयशिक्षकांच्या प्रशिक्षणाला बसण्याची लेखी परवानगी मागावी. मी ती मागितली, दोनदा नाकारली गेली, तिसऱ्यांदा मिळाली. आणि पाठ टाचण (तासाचे लेखी नियोजन) कसे काढतात, हे मला तेथेच प्रथम समजले.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची आभारी आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांशी आजच बोलले; नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात सातवीच्या दोन्ही तुकड्यांना हा पाठ आम्ही मिळून घेणार आहोत, आणि त्या तासांना मला रजेवरील शिक्षकांच्या वर्गावर पाठवू नये, अशी विनंती मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. आठवीच्या त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावून तेच पुस्तक पुन्हा उघडायला लावले. अनुक्रमणिकेत ‘कारखान्यांचे सांडपाणी’ हे प्रकरण तिने स्वतः शोधले आणि वहीतली आधीची चार पाने स्वतःहून खोडली.