इम्युनॉलॉजी पोस्टडॉक: पेपरची वाट पाहायची की अर्ज सुरू करायचे?

थायमस_प्रश्न
टी-पेशींवर काम आहे, कंडिशनल नॉकआउट उंदीर (ठराविक पेशींतच एखादं जनुक काढून टाकलेले) वापरतो. पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचं, तिसरं वर्ष चालू आहे, मुख्य पेपर अजून पाठवलेला नाही. फॅकल्टीचे (प्राध्यापकपदाचे) अर्ज कधी सुरू करावेत? आणि इथून निघताना सोबत काय नेता येतं?

फ्लो_जाणकार
आधी उंदरांचं वेळापत्रक मांडा, अर्जाच्या तारखा त्यावरूनच ठरतील. गर्भकाळ तीन आठवडे, जन्मानंतर वयात यायला सहा ते आठ. म्हणजे एक पिढी सुमारे दहा आठवड्यांची. फ्लॉक्स (कापायच्या खुणा लावलेलं जनुक) आणि क्रे (त्या खुणांवर जनुक कापणारं एन्झाइम) अजून वेगवेगळ्या उंदरांत असतील तर दोन पिढ्या, जवळपास पाच महिने. शेवटच्या जोडीत फ्लॉक्स/फ्लॉक्सशी (दोन्ही प्रती फ्लॉक्स) क्रे असलेला फ्लॉक्स/+ (एकच प्रत फ्लॉक्स) जुळवला की हवं ते पिल्लू, म्हणजे क्रे असलेलं फ्लॉक्स/फ्लॉक्स, चारांत एक. आठ पिल्लांत दोन, त्यातही नर एखादाच. म्हणून एकाच वेळी चार-पाच जोड्या लावा, नाहीतर वय आणि लिंग जुळणारे लिटरमेट कंट्रोल (तुलनेसाठी त्याच वेतातली भावंडं) मिळत नाहीत.

क्रे कुठला आहे, म्हणजे कुठल्या जनुकाबरोबर चालू होणारा, तेही तपासा. सीडी४-क्रेने सीडी८ पेशींतलंही जनुक जातं, कारण तो थायमसमधल्या डबल-पॉझिटिव्ह टप्प्यातच (पेशीवर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असताना) चालू होतो. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्याच्या क्रेची एकच प्रत असलेल्या मादीत निम्म्याच टी-रेग (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या) पेशींत क्रे असतो.

रिव्ह्यूअर हमखास विचारतात, परिणाम त्या पेशीचाच की भोवतालचा? त्यासाठी मिक्स्ड बोन मॅरो कायमेरा (दोन उंदरांची मज्जा एकत्र टोचलेला उंदीर) लागतो: सीडी४५.१ वाइल्ड टाइप (जनुक शाबूत) आणि सीडी४५.२ नॉकआउट, १:१; पेशी कुणाची हे सीडी४५ च्या प्रकारावरून ओळखतात. पेशी टोचण्याआधी ते मिश्रण फ्लोवर (पेशी ओळखून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) मोजून ठेवा. सुरुवातीचं प्रमाण माहीत नसेल तर शेवटच्या प्रमाणाला अर्थ उरत नाही. रक्तपेशी पुन्हा भरायला आठ आठवडे, पुढे प्रयोग, मग तोच पुन्हा. पेपर पाठवण्याआधीच हे उरका.

अर्ज_आणि_मुदती
वरचं सगळं बरोबर, पण फेलोशिपची मुदत उंदरांसाठी थांबत नाही. अमेरिकेत असाल तर के९९/आर००ला (पोस्टडॉकमधून स्वतःच्या प्रयोगशाळेकडे जाण्यासाठीच्या एनआयएच अनुदानाला) पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपर्यंतच चालतो, आणि दुसऱ्यांदा केलेला अर्जही त्याच मर्यादेत बसावा लागतो. परीक्षण होऊन सुधारित अर्ज जाईपर्यंत आठ-नऊ महिने सहज जातात. तिसरं वर्ष संपत आल्यावर पहिला अर्ज केलात तर दुसरी संधी हातची जाऊ शकते. युरोपात मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतर आठ वर्षांची मर्यादा आहे, शिवाय ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही.

पेपर स्वीकारला जायची वाट पाहू नका. बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा पेपर) टाका आणि सीव्हीत त्याची लिंक द्या. 'लेखन चालू आहे' असं लिहिलेल्या पेपरला समिती फारशी किंमत देत नाही.

मज्जा_बोलतेय
सोबत काय न्यायचं, हे पीआयशी (प्रयोगशाळेच्या प्रमुखाशी) आताच बोला आणि ठरलेलं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'घेऊन जा' पुरत नाही. उंदीर, प्लाझ्मिड (डीएनएचे गोल तुकडे), हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) यांना संस्थेचा मटेरियल ट्रान्सफर करार लागतो. एखादी स्ट्रेन (उंदरांचा वाण) तिसऱ्या प्रयोगशाळेने दिली असेल तर मूळ मालकाचीही संमती लागते, आणि महिने तिथेच अडकतात. नव्या संस्थेचं अ‍ॅनिमल हाऊस बाहेरचे उंदीर बहुधा थेट आत घेत नाही. आधी क्वारंटाइन किंवा रीडेरिव्हेशन (भ्रूण निरोगी मादीत ठेवून जंतुमुक्त पिल्लं मिळवणं) होतं. शुक्राणू गोठवून ठेवणं सगळ्यात सुरक्षित.

चॉक टॉकमध्ये (मुलाखतीत फळ्यावर पुढच्या संशोधनाची योजना मांडताना) पहिला प्रश्न हाच येतो: तुमच्या पीआयपेक्षा तुमचं काम वेगळं कसं? योजनेतलं पहिलं एम (उद्दिष्ट) तुमच्या पेपरमधून निघालं तरी दुसऱ्याला त्या नॉकआउटची गरज नसावी, म्हणजे उंदीर उशिरा आले तरी पहिलं वर्ष वाया जात नाही. स्टार्ट-अपची (नवी प्रयोगशाळा उभारायला संस्था देते त्या पैशांची) यादी करताना पिंजऱ्यांचं भाडं आणि सॉर्टरचे (पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राचे) तास आधी धरा. उपकरणं एकदा घेतली की झालं, पिंजऱ्याचं भाडं रोज चालू राहतं.