सख्ख्या माणसाला दिलेले उसने पैसे लिहून घ्यावेत का? (सूरह बकरा, आयत २८२)

खाडीपलीकडे:

अब्बा मार्चमध्ये गेले. जनाज्याच्या नमाजआधी इमामसाहेबांनी नेहमीप्रमाणे पुकारलं, मय्यतीवर कुणाचं देणं असेल तर मुलांना येऊन भेटा. दोघे भेटले, त्यांचे पैसे त्याच आठवड्यात दिले. मय्यतीचं कुणाकडून येणं असेल, तर त्यासाठी मात्र कुणी पुकारत नाही.

येणं आहे. २०१९ साली मामूंच्या होडीचं इंजिन गेलं तेव्हा अब्बांनी पैसे दिले होते. कागद नाही, साक्षीदार नाही. अब्बांच्या डायरीत शेवटच्या पानावर एवढंच: 'इंजिन १,८५,०००'. तारीखही नाही. चाळिसाव्याला घरी कुरआनखानी (सगळ्यांनी मिळून कुरआन वाचणं) होती. तीस सिपारे (कुरआनाचे भाग) वाटले, तिसरा नेमका मामूंच्या हातात गेला. मी समोरच बसलो होतो. त्याच सिपाऱ्यात सूरह बकराची २८२वी आयत आहे. अख्ख्या कुरआनातली सगळ्यांत लांब आयत. ती नमाजवर नाही, रोज्यावर नाही, हजवर नाही. मुदतीचं कर्ज लिहून कसं ठेवायचं यावर आहे.

थोडक्यात आशय असा. ठरलेल्या मुदतीचं देणंघेणं केलंत तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने दोघांमध्ये न्यायाने लिहावं, लिहिता येत असून नाही म्हणू नये. दोन साक्षीदार घ्या. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर नाही लिहिलंत तरी चालेल. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नका.

मामूंनी सिपारा छान, सावकाश वाचला आणि डोळ्यांना लावून ठेवला. अर्थ त्यांनाही ठाऊक नसावा, आणि मीही तो घरी येऊन तर्जुम्यात (भाषांतरात) वाचला, तेव्हा त्यांना एकट्याला का नावं ठेवा?

माझं म्हणणं सरळ आहे. पँट घोट्याच्या वर की खाली यावर आपण तासभर वाद घालतो आणि ही आयत सोडून देतो. भाऊ असो, मामू असो, लिहून घ्यायला हवं. कुवेतचा धाकटा भाऊ म्हणतो, आता विषय काढलास तर अम्मीचं माहेर तुटेल. तुमचं काय मत?

तांबडी माती:

अब्बांना अल्लाह मगफिरत (क्षमा) देवो. पण मत पटलं नाही.

पुढचीच आयत वाचा, २८३. प्रवासात असाल आणि लिहिणारा मिळाला नाही तर काही तारण ठेवा, आणि एकमेकांवर भरवसा असेल तर ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने अमानत परत करावी. म्हणजे भरवशावरचा व्यवहार कुरआनालाही मान्य आहे. चारही मजहबांमध्ये (सुन्नी कायदेपंथांमध्ये) लिहिणं हे मुस्तहब मानलं आहे, म्हणजे केलंत तर चांगलं. फर्ज (सक्तीचं) म्हणणारे तबरी, इब्न हज्म असे जुने विद्वान थोडे. तुम्ही सल्ल्याचा कायदा करताय.

दुसरं, मामूपुढे स्टॅम्पपेपर धरणारा भाचा मी आमच्या मोहल्ल्यात पाहिलाय. पैसे आले. पुढच्या ईदला त्या घरातून शीरखुर्म्याचा डबा आला नाही, तो आजतागायत नाही.

खाडीपलीकडे:

मुस्तहब मान्य, तिथे भांडत नाही. पण लिहिणं म्हणजे संशय, हे कुठून आलं? बुखारीच्या हदीससंग्रहात आहे, पैगंबर साहेबांची वफात झाली (ते वारले) तेव्हा त्यांचं चिलखत एका यहुदी माणसाकडे तीस साअ (धान्याचं जुनं माप) जवासाठी गहाण होतं. खुद्द त्यांना तारण द्यायला अपमान वाटला नाही, आणि आपल्या मामूंना चार ओळींचा अपमान?

आणि भरवसा वारसाहक्काने मिळत नाही हो. अब्बांचा भरवसा अब्बांबरोबर गेला. आकडा तेवढा मागे राहिलाय.

उलटा प्रश्न:

मी कुठलाच धर्म मानत नाही, म्हणून जरा आगाऊ विचारतो. पैसे दिले की लिहून घ्यावं हे सांगायला आसमानी किताब कशाला लागते? आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीही हेच सांगतो.

खाडीपलीकडे:

सेक्रेटरी सांगतो, मग तुम्ही साडूला दिलेले लिहून घेतलेत का?

उलटा प्रश्न:

नाही. (साडू नाही, चुलतभाऊ. पण नेम बरोबर बसला.)

वकीलवाट:

भावना बाजूला ठेवून थोडं कोरडं. १९६३च्या मुदत कायद्यानुसार उसन्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. २०१९चे पैसे, मधे लेखी कबुली नाही, म्हणजे कोर्टाच्या दृष्टीने विषय बहुधा संपलाय. तारीख नसलेली डायरीतली एक ओळ घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

एक वाट मात्र उघडी आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम २५, पोटकलम ३. मुदत संपलेलं कर्जसुद्धा फेडीन असं ऋणकोने स्वतः लिहून सही केली, तर ते वचन नव्याने बांधतं. म्हणजे सगळं मामूंच्या सहीवर आहे, तुमच्या डायरीवर नाही.

तांबडी माती:

बघा, इथेच दीन (धर्म) आणि कोर्ट वेगळे होतात. दीनमध्ये तीन वर्षांनी कर्ज मरत नाही. माणूस मेला तरी मरत नाही. एका मय्यतीवर देणं बाकी होतं म्हणून पैगंबर साहेबांनी नमाज पढवायचं थांबवलं, अबू कतादा या त्यांच्या साथीदाराने ते देणं अंगावर घेतलं तेव्हा पढवली. मामू नमाजी माणूस आहेत ना? मग ते विसरले नसतील. त्यांना वेळ द्या. २८०वी आयत काय सांगते? देणेकरी तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. तुम्ही २८२ घेऊन बसलात, दोन आयती आधीची विसरलात.

देहूकर:

सवड आणि सोडून देणं यावरून आठवलं. आमच्या तुकोबांनी काय केलं? वडिलांच्या सावकारीची खतं (कर्जाचे कागद) इंद्रायणीत बुडवली. लोकांकडून येणं होतं, ते पाण्याला दिलं. भाचेबुवा, तुम्हीही डायरीचं पान खाडीत सोडा आणि मोकळे व्हा.

उलटा प्रश्न:

देहूकर, गोष्ट अर्धीच सांगितलीत. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि फक्त आपला वाटा बुडवला, असं सांगतात. शिवाय बुडवायला आधी कागद असावा लागतो. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असेल तर नदीत काय टाकणार?

(नास्तिकाने तुकोबांचा हिशेब सांगावा, काय दिवस आलेत.)

आठवडी बाजार:

माझं किराणा दुकान आहे, तिसरी पिढी. 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं' हे आजोबा गल्ल्यावर बसून म्हणायचे आणि उधार द्यायचेच. आमच्याकडे सगळं लिहिलं जातं, काडेपेटीसुद्धा. तरी वर्षाला चार भांडणं ठरलेली. 'मी दोन किलो साखर नेलीच नव्हती.' तेव्हा वही हा काही जादूचा ताईत नाही, एवढं या धाग्यावर कुणीतरी सांगायला हवं होतं.

भीमाकाठ:

मी आणखी पुढे जातो. कागद म्हणजे न्याय, हे गृहीतच चुकीचं आहे.

आमच्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी काय झालं? शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खतपत्रं, वह्या, रोखे बाहेर काढले आणि जाळले. पुढे ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसं मारणं हा उद्देश नव्हता, कागद जाळणं हा होता. का? कारण त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला कळत नव्हतं. लिहिणारा सावकाराचा, भाषा सावकाराची, आकडा सावकाराचा, आणि कोर्ट कागद बघून एकतर्फी निकाल द्यायचं. लिहून घ्या, लिहून घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा त्या राखेकडे बघावं. व्याजबंदी तुमच्या धर्मात आहे हे माहीत आहे, पण कागद ज्याच्या हातात तोच जिंकतो हे सगळीकडे सारखं.

मधली बहीण:

भीमाकाठ, तुमचा मुद्दा जोरदार आहे, पण तो आयतीच्या विरुद्ध जात नाही. धागाकर्त्यांनी आशय सांगताना मधलं एक वाक्य गाळलंय, आणि माझ्या मते सगळी आयत त्या वाक्यावर उभी आहे.

मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणं आहे त्याने. कर्ज देणाऱ्याने नाही. घेणारा बोलणार, तिसरा माणूस लिहिणार, आणि बोलताना घेणाऱ्याने अल्लाहचं भय ठेवून त्यातलं काही कमी करू नये. पुढे असंही आहे की तो अजाण असेल, दुर्बल असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या वतीने त्याच्या वलीने (पालकाने) न्यायाने सांगावं. म्हणजे सुप्याच्या अगदी उलट. तिथे सावकार सांगायचा, सावकाराचा माणूस लिहायचा आणि कुणबी अंगठा द्यायचा.

आठवडी बाजार, तुमच्या वहीतही हीच गोची आहे. लिहिता तुम्ही. गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने 'दोन किलो साखर' म्हटलेलं त्या वहीत कुठे आहे?

आठवडी बाजार:

ताई, सकाळी गल्ल्यावर दहा माणसं उभी असतात, कुणाकुणाकडून वदवून घेऊ? पण मुद्दा लागला. आजोबा लिहिताना मोठ्याने बोलायचे, ते बहुधा याचसाठी. मी मान खाली घालून लिहितो.

भीमाकाठ:

हे मला माहीत नव्हतं. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यात यासारखंच काही आलं होतं. शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारने लिहायचा किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिला जायचा, नाहीतर तो चालायचा नाही. सावकाराला आणि शेतकऱ्याला एकटं सोडायचं नाही, हा हेतू. तरीही सावकारी संपली नाही, हे नोंदवून ठेवतो. एक पाऊल मागे घेतो, दोन नाही.

तांबडी माती:

बहीणजी, आयत पूर्ण वाचायची तर साक्षीदारांचा भागही वाचा. दोन पुरुष, आणि नसतील तर एक पुरुष आणि दोन स्त्रिया. तो भाग या धाग्यावर सगळे टाळतायत.

मधली बहीण:

टाळत नव्हते, वाट बघत होते.

कारण आयतीतच दिलंय, एक चुकली तर दुसरीने आठवण करून द्यावी. इब्न कय्यिम या जुन्या विद्वानांनी पूर्वीच लिहून ठेवलंय की ही आयत हक्क जपण्यासाठी साक्षीदार कसे ठेवावेत ते सांगते, काजीने कशावर निकाल द्यावा ते नाही. बहुसंख्य फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) तिथे थांबले नाहीत, हेही खरं आहे, लपवत नाही. पण सूरह नूरमध्ये नवरा बायकोवर आळ घेतो तेव्हा त्याच्या चार शपथा आणि तिच्या चार शपथा समोरासमोर आहेत, आणि तिच्या शपथांनी तिची शिक्षा टळते. एक वाक्य उचलून बाई अर्धी ठरवायची सवय मला मान्य नाही.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर आमच्याकडे सगळ्यांत मोठी उधारी बायकांचीच असते, ती कुणी मोजत नाही. भावाच्या दुबईच्या व्हिसासाठी बांगड्या, दिराच्या रिक्षासाठी हार. तोळे किती, घडणावळ किती, परत सोनं येणार की पैसे, काही लिहिलेलं नसतं. माझ्या स्वतःच्या चार बांगड्या २०१६ पासून 'घरातच आहेत'. लिहा म्हटलं असतं तर मी वाईट ठरले असते. तेव्हा तांबडी माती, नातं टिकवायचं म्हणून लिहू नका असं तुम्ही म्हणता, तेव्हा नातं टिकवायची किंमत कोण भरतं ते बघा.

तांबडी माती:

बांगड्यांचं वाचून वाईट वाटलं. मत तरीही तेच. देतानाच लिहिलं असतं तर ठीक होतं. मय्यतीनंतर वही घेऊन दारात जाणं वेगळं.

खाडीपलीकडे: (चार दिवसांनी)

मधल्या बहिणीने दाखवलेलं वाक्य मी गाळलं होतं, हे कबूल. मुद्दाम नाही. देणाऱ्याच्या बाजूने वाचत होतो म्हणून दिसलंच नाही.

काल मगरिबच्या नमाजनंतर मामूंकडे गेलो. डायरी नेली नाही. कोरी वही आणि पेन नेलं, शेजारचे निवृत्त मास्तर लिहायला बरोबर. मामूंना म्हटलं, अब्बांचं काही असेल तर तुम्ही सांगा, मास्तर लिहितील, मी बोलणार नाही. मामू बराच वेळ जाळ्याची गाठ बघत बसले. मग म्हणाले, एक लाख साठ हजार. पंचवीस हजार मी दोन वर्षांपूर्वी रमजानमध्ये तुझ्या बापाच्या हातात दिलेत, तेव्हाही कुणी लिहिलं नाही. दर मोसमाला चाळीस देईन म्हणाले. मास्तरांनी लिहिलं, मामूंनी सही केली. मामीने चहा केला, आणि निघताना सुकटीची पुडीही दिली, तेव्हा माहेर अजून तुटलेलं नाही.

तांबडी माती:

म्हणजे पंचवीस हजार गेले.

खाडीपलीकडे:

दिले असतील. नसतील तर माझ्याकडून माफ. हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ.

वकीलवाट:

सही आहे, हप्ता आहे. माझ्या बाजूने काम झालं. वहीचा फोटो काढून ठेवा.

मधली बहीण:

अभिनंदन, मनापासून. पण एक विचारू? 'माझ्याकडून माफ' म्हणजे नेमके किती? ते पैसे अब्बांचे होते. आता त्यात अम्मीचा आठवा हिस्सा आहे, भावाचा आहे, बहिणी असतील तर त्यांचाही आहे. त्यांना विचारलंत?

खाडीपलीकडे:

दोन बहिणी आहेत. नाही विचारलं. कालच्या बैठकीला अम्मीलाही नेलं नव्हतं, मामू तिचेच भाऊ असून.

आज इशाच्या नमाजनंतर चौघांना फोनवर घेतो. वही माझ्याकडेच आहे, पुढचं पान कोरं आहे.