गाड्यांच्या भंगाराला आडोसा: पत्रा, भिंत की झाडं?

माळावरची
आमच्या घरापासून दोनशे पावलांवर गाड्यांचं भंगार आहे. पुणे-नाशिक हायवेवरून राजगुरुनगरच्या अलीकडे आत वळलं की डाव्या हाताला. सहा वर्षांपूर्वी तिथे ज्वारी असायची. आता तीन-तीन थर रचलेल्या गाड्या, त्यांच्यावर सुटी दारं आणि टायर. कुंपण म्हणजे जुनी बॉनेटं आणि पत्रे, तारेने एकमेकांना बांधलेले. शाळेची बस नेमकी तिथेच थांबते. मागच्या पावसाळ्यात वाऱ्याने एक पत्रा सुटून रस्त्यावर येऊन आदळला. तेव्हा थांब्यावर पोरं नव्हती म्हणून निभावलं.

येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. रस्त्याच्या बाजूने आठ फुटी पक्की भिंत, भिंतीबाहेर दहा फुटांचा झाडांचा पट्टा आणि भिंतीच्या वर डोकावेल असा ढीग रचायचा नाही. झोन, म्हणजे कुठल्या जागेत कोणता धंदा चालेल ते, ठरवणं ग्रामपंचायतीच्या हातात नसतं हे मला माहीत आहे. पण ठराव करून नियोजन प्राधिकरणाकडे पाठवता येतो, आणि गावाने मागितलंच नाही तर कुणीच देणार नाही. तुमचं काय म्हणणं?

दहा_अकरा_पाना
ताई, मी आणि माझे वडील हाच धंदा करतो, दुसऱ्या जिल्ह्यात. पत्रा उडाला ते चूकच. तारेने बांधलेलं कुंपण कुंपण नव्हे, हे आधीच मान्य करतो.

पण हिशेब ऐका. आमची जागा पंधरा गुंठे, रस्त्याला १६५ फूट आणि आत ९९ फूट. नुसत्या पुढच्या बाजूने दहा फूट सोडले तर दीड गुंठा गेला. उद्या कुणी चारही बाजूंनी म्हणालं तर साडेचार गुंठे. जागा भाड्याची, करार अकरा महिन्यांचा. मी भिंत बांधायची आणि ती मालकाची व्हायची. शिवाय आमचं गिऱ्हाईक डोळ्यांनी येतं. आता बनत नाही अशा जुन्या मारुती एस्टीमचा मागचा दिवा हवा असलेला माणूस रस्त्यावरून गाडी बघतो आणि थांबतो. तुम्ही आम्हाला झाकलंत तर तो सरळ पुढे जातो.

आणि पोलीस ठाण्यांच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं गंजत उभ्या असतात, वेल चढतात त्यांच्यावर. त्यांना कुणी भिंत मागितलेली मी तरी पाहिली नाही.

गावकुस
हिशेब तुमचा आहे, गावाचा नाही. राहत्या वस्तीलगत हा धंदा असूच नये. भिंत दिली की धंदा कायमचा झाला, उद्या म्हणतील आम्ही अटी पाळल्या. माझं मत साफ आहे: हलवा.

विहिरीकाठ
दिसतं त्याचं सोडा, मुरतं त्याचं बोला.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला असंच एक यार्ड होतं. कटिंग कसं चालायचं ते बांधावरून रोज बघितलंय. इंजिन साखळीने वर ओढायचं, खालचा नट सोडायचा, काळं ऑइल घमेल्यात धरायचं. घमेलं भरलं की दुसरं येईपर्यंत धार मातीवरच. रेडिएटरचं हिरवं पाणी, बॅटरीचं अॅसिड, सगळं मुरमात. जून लागला की पहिल्या दोन पावसांत विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय. गाय तोंड लावायची आणि मान फिरवायची. तीन पावसाळे आम्ही त्या विहिरीचं पाणी जनावरांना दिलं नाही.

त्या यार्डाला भिंत होती. चांगली नऊ फुटी, वर रंग दिलेला. भिंतीमुळे झालं एवढंच की आत काय चाललंय ते रस्त्यावरच्या कुणाला कळलं नाही, फक्त आम्हाला कळलं, कारण आम्ही उताराला होतो. माळावरची ताई, तुझ्या ठरावात जमिनीबद्दल एक शब्द नाही.

पेनसिल्व्हेनियातला_नगरकर
इथला अनुभव सांगतो, कारण आडोशाचा कायदा अमेरिकेने फार लवकर केला. २२ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी महामार्ग सुशोभीकरणाच्या कायद्यावर सही केली. त्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांचा आग्रह होता. मुख्य महामार्गांपासून हजार फुटांच्या आतलं गाड्यांचं भंगार रस्त्यावरून दिसता कामा नये. झाडं लावा, कुंपण घाला, नाहीतर हलवा. जे राज्य पाळणार नाही त्याच्या रस्तेनिधीतले दहा टक्के कापायची तरतूद. औद्योगिक पट्ट्यातल्या यार्डांना सूट. पुढे गावोगावच्या झोनिंग नियमांत तेच उतरलं: सहा-आठ फुटी भरीव कुंपण, बाहेरून सदाहरित झाडं, कुंपणापेक्षा उंच ढीग नको.

विहिरीकाठ यांचं म्हणणं मला म्हणूनच लागलं. यार्डावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला परवाना लागेल असा केंद्राचा नियम इथे १९९० मध्ये आला. म्हणजे पडदा आधी आणि पाणी पंचवीस वर्षांनी.

तरीही मी आडोशाच्या बाजूने आहे. सौंदर्य हा श्रीमंतांचा चोचला आहे असं मला वाटत नाही. रोज त्याच रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोराला गंजाचा डोंगर दिसतो की करंजाची रांग, याने फरक पडतो. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच म्हटलं होतं की वस्ती निरोगी असावी तशी सुंदरही असावी, हे ठरवणं कायदेमंडळाच्या अधिकारात येतं. मला ते पटतं.

निवृत्त_अग्निशामक
भिंतीबद्दल बोलताय तर फाटकाबद्दलही बोला. पिंपरी-चिंचवडच्या चिखली-कुदळवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये भंगाराची गोदामं पेटली ती आठवत असेल. अशा ठिकाणी आगीपेक्षा आत शिरायला वाट नसणं आम्हाला जास्त छळतं. एकच फाटक, त्यात उभा ट्रक, मागे माल छातीपर्यंत. भिंत बांधायचीच तर विरुद्ध बाजूंना दोन फाटकं, आणि ढीग व भिंत यांच्यात बंब फिरेल एवढी मोकळी वाट. टायर वेगळे, गॅस कटरपासून लांब, आणि छपराखाली. उघड्यावरच्या टायरात पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार. पाणी आटलं तरी त्याची अंडी कोरडी होऊन महिनोन्महिने टिकतात.

झाडं लावताना बांबू नको, त्याचा वाळका पाला खाली पडून राहतो आणि ठिणगीला तेवढं पुरतं. मागे कडुनिंब, करंज आणि पुढे अडुळसा. अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही.

आणि गावकुस, फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली शेडं महापालिकेने पाडली. गाड्या जुन्या व्हायच्या थांबल्या का? माल कुठेतरी जाणारच. जिथे नियम नाही तिथे आधी जातो.

गावकुस
म्हणून आमच्याच दारात का? सरकारने २०२१ मध्ये नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम केलेत ना? तिथे जाऊ द्या गाड्या.

दहा_अकरा_पाना
जायला हव्यात, मान्य. पण तेवढ्या गुंतवणुकीचं केंद्र काढणं माझ्यासारख्याच्या आवाक्यात नाही. आणि ज्याची गाडी अपघातात गेली तो जो रोख चार पैसे जास्त देईल त्याच्याकडे जातो.

विहिरीकाठ, तुम्ही लिहिलंत ते वाचून वडिलांना दाखवलं. ते गप्प बसले. आम्ही ऑइल पिंपात धरतो आणि विकतो, त्याला गिऱ्हाईक आहे. पण पिंप ठेवलंय मातीवरच. इंजिन उतरवतो ती जागा वीस बाय वीस. तेवढीच पक्की केली, कडेला चार बोटं उंच कठडा आणि वर पत्रा टाकला, तर ते माझ्या खिशात बसतं. १६५ फूट भिंत बसत नाही. मला एक करायला सांगा, मी आधी हे करेन.

माळावरची
विहिरीकाठ, माझं चुकलं. मी बसथांब्यावर उभी राहून विचार करत होते, उताराला कोण आहे ते पाहिलंच नाही. आज संध्याकाळी जाऊन पाहून आले. आमच्या यार्डाचं पाणी ओढ्याला जातं आणि ओढ्याच्या पलीकडे अंगणवाडीची बोअर आहे.

ठराव बदलतेय. पहिलं कलम पक्क्या, छपराखालच्या कटिंगच्या जागेचं, त्यासाठी तीन महिने. ढिगाची उंची आणि टायर लगेच. दोन फाटकं आणि बंबाची वाट पुढच्या पावसाळ्याआधी. पण थांब्याच्या बाजूची चाळीस फूट भिंत मी सोडणार नाही, ती जागामालकाने बांधावी असं लिहितेय, भाडं तोच खातो. झाडांचा पट्टा दहाऐवजी पाच फूट, रोपं ग्रामपंचायतीने द्यावीत.

दहा_अकरा_पाना
पाच फूट चालेल. पण पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार तेही लिहा. नाहीतर मार्चमध्ये काड्या उरतात आणि नाव आमचं.

गावकुस
मी विरोधात मत देणार.

विहिरीकाठ
ताई, बोअरचं पाणी आत्ताच तपासून घे, पाऊस पडायच्या आधी. आणि पहिल्या दोन पावसांनंतर पुन्हा. दोन्ही बाटल्यांवर तारीख लिही.