राणीच्या बागेजवळचा व्हिक्टोरियाचा पुतळा ॲसिडने का नाही धूत?

गिरगावकर_८१: परवा भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये गेलेलो. आवारात व्हिक्टोरिया राणीचा तो बसलेला संगमरवरी पुतळा बघितला, १८७२ चा, मॅथ्यू नोबलने घडवलेला आणि बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला. झग्यावरचं कोरीवकाम बघतच राहावं असं आहे पण नाक तुटलंय आणि चुण्यांमध्ये काळं साचलंय, बघून वाईट वाटलं. आमच्या बिल्डिंगचा जिना ॲसिड मारून अर्ध्या तासात पांढराफेक होतो, मग इथे का नाही करत? आणि नवीन नाक बसवायला काय हरकत आहे?

पाषाणभेद: अहो ॲसिड अजिबात नको! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडलं की फसफसतो आणि डागासोबत वरचा थरही विरघळून जातो. जिना झिजला तर चालतं, पण लेस कोरलीये ती जेमतेम मिलिमीटरभर असते, ती एकदा गेली की गेलीच.

नीट बघा, जिथे पाऊस थेट पडतो तिथे दगड पांढरा पण खरखरीत असतो आणि काळं असतं ते आडोशाला, हनुवटीखाली, चुण्यांच्या आत. गाड्या-कारखान्यांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात दगडाशी मिळून जिप्सम नावाचं खनिज बनवतो आणि त्यात काजळी अडकते. म्हणजे ती नुसती वर बसलेली घाण नाही, दगडाचाच बदललेला थर आहे. त्याच्याखाली बऱ्याचदा संगमरवर साखरेसारखा दाणेदार सुटा झालेला असतो, तारेचा ब्रश किंवा प्रेशर वॉशर मारला की पोपड्यासकट नक्षी हातात येते. म्हणून आधी सुटे होत आलेले भाग पक्के करायचे, मग नाण्याएवढ्या जागेवर ट्रायल घ्यायची, पाण्याचं बारीक धुकं किंवा कागदाच्या लगद्यात अमोनियम कार्बोनेट घालून त्याचा लेप द्यायचा, बाहेरच्या देशांत लेझरही वापरतात. वेळखाऊ आहे, पण घाई करण्यासारखं कामच नाही हे.

इतिहासवेडी: या पुतळ्याबाबत अजून एक गोष्ट. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी याच पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली होती, तेव्हा तो फोर्ट भागात एस्प्लनेडला होता. ते डांबर काही केल्या निघेना, शेवटी प्रो. त्रिभुवनदास गज्जर या रसायनतज्ज्ञांनी काढलं. म्हणजे रसायनं याच्यावर आधीच एकदा लागलेली आहेत, त्यामुळे जुन्या नोंदी शोधल्याशिवाय आणि तपासणी केल्याशिवाय नवीन काहीही लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नाकाचं म्हणाल तर मी विरोधातच. नवीन तुकडा बसवायचा तर मूळ तुटलेल्या जागेला भोक पाडून सळी घालावी लागते, आणि साधी लोखंडी असली तर गंजून फुगते आणि आजूबाजूचा चांगला दगडही फोडते, जगभर कितीतरी पुतळे असे तडकलेत. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमची घातली तरी चेहरा नोबलचा राहत नाहीच.

सांगलीचा_पक्या: आमच्या गावात एका संस्थेच्या संस्थापकांचा जुना संगमरवरी अर्धपुतळा आहे उघड्यावर, कमिटी आता त्याला ऑइलपेंट द्यायचा म्हणतेय, कार्यक्रम तोंडावर आलाय म्हणून. ताजमहालला मुलतानी माती लावतात तसं आम्ही घरच्या घरी केलं तर चालेल का?

पाषाणभेद: पक्याभाऊ, पेंट आधी थांबवा काहीही करून! दगडात पायथ्यापासून ओल चढते, पेंटमुळे ती बाहेर पडू शकत नाही, मग क्षार आतल्या आत साचून पोपडे निघतात. ताजला मातीचा लेप पुरातत्त्व खात्याचे रसायनवाले दगड तपासून लावतात, आपण करायचं नाही. कार्यक्रमापुरतं मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, पण दाणे गळत असतील तर तेही नको. वर झाडाची फांदी असेल तर छाटून घ्या आणि चौथऱ्याला सिमेंट लावलंय का ते बघा. फोटो टाका इथे, पायथ्याचा एक जवळून हवा आणि चेहऱ्याचा बाजूने टॉर्च मारून काढा, म्हणजे किती खरखरीत झालाय ते दिसेल.