मदत हवी आहे: आईसोबत स्वित्झर्लंड, आठ दिवस, बेताच्या पैशांत

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस मी, नवरा आणि आई (वय ६८) स्वित्झर्लंडला जातोय. व्हिसा हातात आहे, झुरिकची विमानाची तिकिटं काढून झाली. इंटरलाकेनला स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली, तो मोठाच भार उतरला.

अडलंय ते पासावर. स्विस ट्रॅव्हल पासात रेल्वे, बस, बोटी सगळं येतं, रिगी डोंगरावरची गाडीसुद्धा. पण युंगफ्राऊयोखला (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) जाताना तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच चालतो, पुढे फक्त २५ टक्के सूट. हाफ फेअर कार्डावर थेट वरपर्यंत निम्मं भाडं. शिवाय ते कार्ड असेल तर सेव्हर डे पास (एका दिवसात हवा तितका प्रवास), लवकर काढला तर, २९ फ्रँकपासून मिळतो. लांबचा प्रवास आठातले चारच दिवस आहे, म्हणून माझा कल हाफ फेअरकडे आहे. कुणी असं केलंय का? सेव्हर पासाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून हवामानाची धास्ती वाटते.

आता खरी गोष्ट. आईने शाळेत भूगोल शिकवला, आल्प्स फळ्यावर काढण्यात तिची सगळी नोकरी सरली. परवा युंगफ्राऊयोखचं भाडं दोनशे फ्रँकच्या वर आहे हे तिने ऐकलं, कालनिर्णयच्या कडेला पेन्सिलीने शंभराने गुणलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या गं, मी खाली बसते." ते मला अजिबात नकोय. काटकसर बाकी सगळीकडे करू, तिथे नाही. फक्त तिला बीपीची गोळी चालू आहे. ३,४५४ मीटरवर वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा, किती वेळ थांबलात, त्रास झाला का? की टिटलिसचा डोंगर बरा? तिथलं वरचं स्टेशन ३,०२० मीटरवर आहे.

जेवण बहुतेक खोलीवरच. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी नेतोय. भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत हे कळल्यावर तूप आणि पेढे बॅगेतून काढले, आईचा चेहरा उतरला. आम्ही रविवारी सकाळी उतरतोय, त्या दिवशी गावातली दुकानं बंद. दूध-भाजी झुरिक विमानतळावरच घ्यावी, की इंटरलाकेनच्या स्टेशनात सगळं मिळेल?

सेव्हर पास याच आठवड्यात काढायचेत, तेव्हा जाणकारांनी जमेल तितक्या लवकर लिहा. आगाऊ आभार.