मदत हवी आहे : 'रॉंग', 'फॉल्स', 'इनकरेक्ट', 'अनट्रू' यांतला कुठला शब्द कुठे?

आईच्या तपासणीच्या रिपोर्टवर जन्मसाल १९५२ ऐवजी १९२५ छापून आलं. दुरुस्तीसाठी मी इंग्रजीत मेल केला. डोक्यात 'ही माहिती खोटी आहे' असं होतं, म्हणून लिहिलं, 'धिस इन्फर्मेशन इज फॉल्स'. उत्तर जरा घुश्शातच आलं : आम्ही मुद्दाम काहीही बदललेलं नाही. मला तर एवढंच सांगायचं होतं की दोन आकडे उलटसुलट झालेत. समोरच्याला विनाकारण दुखावलं, हे मनाला लागून राहिलंय.

शब्दकोशात या सगळ्या शब्दांपुढे 'चुकीचा, खोटा' हीच जोडी दिसते. शाळेत 'ट्रू ऑर फॉल्स' सोडवताना 'फॉल्स'मध्ये कुणावर आरोप नव्हता, मग माझ्या मेलमध्ये तो कुठून आला? आणि 'यू आर इनकरेक्ट' कानाला खटकतं, ते का? दुसरा मेल आजच पाठवायचा आहे. कृपया सांगा.

प्रतिसाद १
भाषांतराचं काम करते, त्यामुळे या शब्दांशी रोज गाठ पडते. एकच नाम घ्या आणि मागचा शब्द बदलून पाहा. 'रॉंग डॉक्युमेंट' म्हणजे हवा तो कागद सोडून दुसराच आणला. 'फॉल्स डॉक्युमेंट' म्हणजे बनावट कागद. 'रॉंग नेम' म्हणजे नावात गफलत झाली, 'फॉल्स नेम' म्हणजे ओळख लपवायला घेतलेलं नाव. आपण कवळीला खोटे दात म्हणतो ना, इंग्रजीतही ते 'फॉल्स टीथ'च. 'रॉंग टीथ' म्हटलं तर दुसऱ्याच कुणाची कवळी बसवली असं वाटेल!

'फॉल्स' आला लॅटिनमधल्या 'फसवणे' या क्रियापदावरून. 'ट्रू'च्या समोर उभा असला की तो फक्त 'असत्य' एवढंच सांगतो, म्हणून परीक्षेत निरुपद्रवी. पण माहिती कुणीतरी दिलेली असली की देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घेतल्यासारखं होऊ शकतं. तुमच्या मेलमध्ये तेच झालं.

'रॉंग'चं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, अर्थ 'वाकडा'. तो उत्तरालाही चालतो, माणसालाही, आणि 'हे वागणं गैर आहे' अशा नैतिक अर्थानेही. 'अनट्रू' मात्र विधान, बातमी, अफवा यांच्यापुरताच. तारखेला लावू नका.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'इनकरेक्ट' शोभतो तो स्पेलिंग, आकडा, पत्ता, पासवर्ड अशा तपासून पाहता येणाऱ्या गोष्टींना. माणसाला लावला की पेपर तपासून त्यालाच लाल फुली मारल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्हाला खटकलं. माणसाबद्दल लिहायचं तर 'मिस्टेकन' घ्या. 'आय थिंक यू आर मिस्टेकन' हे 'यू आर रॉंग'पेक्षा पुष्कळ मऊ आहे. मेलमध्ये दोष आकड्याला द्या, माणसाला नको.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. कवळीच्या उदाहरणाने डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आता असं लिहिलंय : 'द इयर ऑफ बर्थ इज इनकरेक्ट. इट शुड बी १९५२, नॉट १९२५.' आधीच्या शब्दाबद्दल वर एक ओळ 'सॉरी'चीही घातली आहे. पाठवतोय.