स्पेशल स्कूलमध्ये सायन्स हवं का?

धागाकर्ती: मुलगा 14 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आहे. शाळेत पैसे मोजणं, कपड्यांच्या घड्या, बसचा नंबर सगळं घेतात, सायन्स शून्य. विचारलं तर म्हणे "त्याला काय कळणार". तुमचं मत?

जुने_बाबा: ताई राग मानू नका पण शाळेचं बरोबर आहे. माझी मुलगी 22ची, शाळेत सूर्यमाला रंगवून घेतली, आठ ग्रह पाठ झाले, आणि पॅड कधी बदलायचं ते अजून आईला सांगावं लागतं. शाळेची वर्षं मोजकीच असतात हो.

स्पेशल_टीचर: अहो पाळी म्हणजे सायन्सच की! ग्रह पाठ करून घ्या असं कुणी सांगितलंय? माझ्या वर्गातला एक ऑटिस्टिक मुलगा कुकरच्या शिट्टीला कान दाबून पळायचा. पातेल्यात पाणी उकळत ठेवून वर हलकं झाकण ठेवलं, ते खडखडायला लागलं की आधी लांबून बघायचा, मग स्वतःच चमच्याने झाकण उचलायला लागला, आता कुकर फुसफुसला की तोच ओरडतो "वाफ आली!"

दहावीचा_सर: स्पेशल वर्गात ठीक आहे. आमच्याकडे सायन्सच्या भाग 1, भाग 2 चे 40-40 मार्क, प्रॅक्टिकलचे 20, आणि वर्गात 60 पोरं. त्यात एक अंध मुलगी, आम्ल की आम्लारी ते सांगणारा लिटमसचा रंग तिला कसा दाखवू?

स्पेशल_टीचर: सर, कांदा आणा. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात आहे, कांद्याचा वास आम्लात टिकतो, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये (आम्लारीत) जातो. नाकाने ओळखेल. कार्तिक साहनीलाही अंध म्हणून सीबीएसई अकरावीत सायन्स देत नव्हती, भांडून घेतलं, पुढे स्टॅनफर्डला गेला.

जुने_बाबा: साहनीला दिसत नव्हतं, समजत सगळं होतं. इथे विषय वेगळाय. आणि आमच्या मुलांना वर्गातलं पातेलं कळलं म्हणजे घरचा गॅस कळला असं होत नाही.

धागाकर्ती: गॅसचंच सांगते. "वास आला तर लाइटचं बटण दाबायचं नाही" हे माझ्याकडून घोकून घोकून पाठ होतं त्याला. एकदा खरंच वास आला, तर पठ्ठ्याने पंखा लावला! लाइट नाही ना तो. बटणात ठिणगी पडते हे कुणी दाखवलंच नव्हतं.

जुने_बाबा: मग घरच्या ओट्यापाशीच दाखवा की, वर्ग कशाला?

स्पेशल_टीचर: हे मान्य. शाळेत आम्हाला इंडक्शनच मिळतं, गॅसचं पालकांनीच घ्यावं.

धागाकर्ती: म्हणजे फी शाळेला आणि शिकवणी माझ्याकडे 😅